कोपऱ्यातली खूण

ऑपरेटर सिनेमा बघतो तेव्हा पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे बघतो. घरी टीव्हीवर बातम्या लागल्या तरी नजर तिथेच. यावरून मी त्याची भरपूर थट्टा केली आहे. "अरे, हिरॉईन मध्ये उभी आहे, तिथे वर काय पाल बसलीय का?" असं निदान शंभरदा विचारलं असेल. तो हसायचा आणि पुन्हा कोपऱ्यात बघायचा.

एकतीस वर्षं त्याने एकाच थिएटरात मशीन चालवलं. त्या काळी सिनेमा तुकड्यातुकड्यांनी यायचा. वीसेक मिनिटांचं एक रीळ, आणि ती लावायला केबिनमध्ये दोन मशीनं. पहिलं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकून जायचा. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच पहिलं मशीन बंद आणि दुसरं चालू. पापणी लवली तर ठिपका गेला, पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. एकतीस वर्षांत त्याचा ठिपका चुकला नाही. हे तो स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

थिएटर पाडलं तेव्हा त्याने घराच्या पुढच्या खोलीत फोटोला चौकटी बसवण्याचं दुकान काढलं. लोकांच्या आईवडिलांचे, लग्नांचे, पदव्यांचे फोटो. मागच्या खोलीत तो आणि वहिनी राहतात. दर शनिवारी चार वाजता आमच्या चित्रपट मंडळाची समिती त्या दुकानात जमते. समिती म्हणजे चार माणसं. ऑपरेटर, मी, सिस्टर आणि मोबाइलवाला. मी बावीस वर्षं इथल्या पेपरात सिनेमांची परीक्षणं लिहिली, त्यामुळे सिस्टर मला परीक्षकसाहेब म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मी शोधायला जात नाही. सिस्टर सरकारी इस्पितळातून निवृत्त झाल्या. मोबाइलवाल्याचं समोरच फोन दुरुस्तीचं दुकान आहे. दोन मुलांचा बाप आहे, पण खुनाचा सिनेमा लागला की पहिल्या दिवशी दुकानाला कुलूप.

आमची भांडणं ऐकण्यासारखी असतात. मोबाइलवाल्याला शेवटच्या पाच मिनिटांत सगळं उलटंपालटं करणारे थ्रिलर लागतात. सिस्टरना त्यांची चीड येते.

"सलाइनची सुई उपटून माणूस खिडकीतून उडी मारतो म्हणे! ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी! तू एकदा नुसता पलंगावरून उतरून दाखव."

"अहो सिस्टर, तो पिक्चर आहे."

"पिक्चर असला म्हणून टाके उसवत नाहीत का?"

ऑपरेटर मापाची काच कापत ऐकायचा. मत विचारलं तर "बरा होता" किंवा "लांबला," एवढंच.

फक्त एका दिग्दर्शकाचा विषय निघाला की तो काच खाली ठेवायचा.

या दिग्दर्शकाने चाळीस वर्षांत अकरा सिनेमे केले. त्यातला दुसरा एका बस ड्रायव्हरचा होता. ड्रायव्हरची लहान मुलगी आजारी पडते, तो इस्पितळ आणि डेपो यांच्यात धावत राहतो, आणि अखेर मुलगी जाते. सिनेमाच्या फार थोड्या प्रती निघाल्या होत्या. आमच्या भागात एकच फिरली, आणि ती सर्वांत आधी ऑपरेटरच्या थिएटरात लागली. मी पहिल्या खेळाला गेलो होतो. ड्रायव्हर इस्पितळाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो, संगीत कापल्यासारखं तुटतं, आणि पुढच्याच दृश्यात तो रिकामी बस चालवतो आहे. मला त्याचा भयंकर राग आला. दोन तास मला त्या दारापर्यंत आणलंस आणि तिथून पळालास? मी घरी जाऊन लिहिलं: "हा दिग्दर्शक दुःखाच्या दारापर्यंत जातो, पण आत जायची हिंमत त्याच्यात नाही."

वाक्य जमलं होतं. माझं एवढं जमलेलं दुसरं वाक्य नाही, हे मला ठाऊक आहे. प्रत जिथे जिथे गेली तिथल्या पेपरांनी ते उचललं. मग ते त्या माणसाला चिकटलंच. त्याने पुढे काहीही केलं तरी लोक म्हणायचे, सगळं ठीक आहे हो, पण याला शेवट जमत नाही. मंडळाच्या रौप्यमहोत्सवी पुस्तिकेत ते वाक्य चौकटीत छापलं. ती चौकट मी वर्षानुवर्षं मिरवली.

दरवर्षी मंडळ एका कलावंताला बोलावून त्याचा सन्मान करतं. कोणाला बोलवायचं ते आम्ही चौघं ठरवतो. सिस्टर दरवर्षी या दिग्दर्शकाचं नाव सुचवत. ऑपरेटर हात वर करी. मी आणि मोबाइलवाला नाही म्हणत असू. दोनाला दोन, नाव बाद. "तू का हात वर करतोस?" असं विचारलं की ऑपरेटर म्हणायचा, "असंच." त्यापलीकडे त्याने कधी ताकास तूर लागू दिली नाही.

या वर्षी त्याचा नवा थ्रिलर आला. एक फौजदार तीन वर्षं एका खुन्याच्या मागावर असतो, शेवटी त्याच्या घराच्या दारावर टकटक करतो, आणि सिनेमा संपतो. मोबाइलवाला खवळला होता.

"तिकीट काढून मी दार बघायला गेलो होतो का? काकांनी तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. दारापर्यंत जातो. आत नाही."

मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"मला आवडला शेवट," सिस्टर म्हणाल्या. "आणि ऐका. त्यांची तब्येत बरी नाही. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत. पुढच्या वर्षीपर्यंत थांबलात तर हार फोटोला घालावा लागेल. या वर्षी तरी त्यांना बोलवा."

"आजारी आहेत म्हणून सन्मान?" मी म्हणालो. "सिस्टर, ही दया झाली. ज्या माणसाला आयुष्यात एक शेवट धड करता आला नाही..."

"थांब," ऑपरेटर म्हणाला.

तो उठून आतल्या खोलीत गेला. परत आला तेव्हा हातात पत्र्याचा गोल डबा होता, पोळपाटाएवढा, कडेला गंजलेला. झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास दुकानभर पसरला. आत फिल्मचं भेंडोळं होतं. आकसलेलं, रंग उडून सगळं लालसर झालेलं.

"हा शेवट," तो म्हणाला. "सहा मिनिटांचा आहे. मी कापला होता."

मला आधी वाटलं, मस्करी करतो आहे. पण ऑपरेटरला मस्करी येत नाही.

मग तो बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. त्याची मुलगी सहा वर्षांची असताना गेली, हे आम्हाला माहीत होतं. त्यावर कोणी बोलत नसे. ती गेल्याला दोन महिने झाले होते, तेव्हा हा बस ड्रायव्हरचा सिनेमा आला. प्रत नीट आहे का हे बघायला आदल्या दिवशी त्याने रिकाम्या थिएटरात एकट्याने तो चालवला. दारात उभा राहिलेला ड्रायव्हर आत जातो. पलंगाजवळ बसतो. मुलीच्या पायात मोजे घालतो, मग बूट घालायला लागतो, आणि बुटाचा पट्टा काही केल्या त्याला लावता येत नाही.

"आणि तिथेच रीळ संपत होतं," ऑपरेटर म्हणाला. "सातवं. बरोबर त्या पट्ट्यावर कोपऱ्यात ठिपका. खाली बसलेल्या माणसाला डोळे मिटता येतात रे. मला नाही येत. मला तिकडेच बघत राहायचं. दिवसाला चार खेळ. चार वेळा ते पाय."

"दुसऱ्या कोणाला तरी मशीनवर बसवायचं," मी म्हणालो.

"काय सांगून? मला बघवत नाही म्हणून? आधीच सगळे माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलायचे. आणखी दया नको होती मला."

म्हणून त्याने सातव्या रिळाची शेपटी आणि आठव्याचं तोंड कापलं. कापलेल्या भागात ठिपकेही गेले, म्हणून आधीच्या चित्रांवर सुईने खरवडून नवी खूण केली. आठवडाभर सिनेमा तसाच चालला. संगीत तिथे तुटायचं, त्याला इलाज नव्हता. प्रत परत पाठवताना तुकडे जोडायचेच, हे त्याने नक्की ठरवलं होतं.

"मग?" मोबाइलवाल्याने विचारलं.

"जोडायचं म्हणजे चित्राला चित्र जुळवावं लागतं. भिंग लावून. म्हणजे परत तेच बघायचं. दोनदा बसलो. हात पुढे जाईना. आणि गाडी आली, रिळांच्या पेट्या गेल्या." तो माझ्याकडे वळला. "तुझं परीक्षण आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. नोकरी गेली असती तर गेली असती. पण तू ते इतकं मनापासून लिहिलं होतंस. आणि ते खरं होतं. फक्त माणूस चुकला. त्या दिवशी इस्पितळात दारापर्यंत गेलो होतो मी. आत तुझी वहिनी एकटी गेली."

वहिनी चहा घेऊन कधी आल्या होत्या, आम्हाला कळलंच नव्हतं. त्या आतल्या दारात उभ्या होत्या.

आधी माझं वाक्य डोळ्यांपुढे आलं, चौकटीसकट. मग एक चाळीस वर्षं काम करणारा माणूस आला, ज्याला मी न पाहिलेल्या दृश्यासाठी आयुष्यभर भित्रा ठरवलं होतं. मला ऑपरेटरवर ओरडायचं होतं. मी तोंड उघडलंही. पण तो समोर अपराध्यासारखा बसला होता, आणि ज्या माणसाच्या मुलीबद्दल मी तीस वर्षांत एक शब्द विचारला नव्हता, त्याच्यावर कोणत्या तोंडाने ओरडणार?

वहिनींनी चहाचा ट्रे काचांच्या ढिगावर ठेवला. त्या खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या, टेबलावरचं भिंग घेतलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे."

"नको," ऑपरेटर म्हणाला.

"द्या म्हणते ना."

खिडकीतून उजेड येत होता. वहिनी पट्टी उजेडापुढे धरून वीतवीत पुढे सरकवत बघत होत्या. मागून सुटणारी पट्टी सिस्टर अलगद धरत होत्या. अर्ध्यावर वहिनी थांबल्या.

"पट्टा शेवटी नर्स लावते," त्या म्हणाल्या.

"तसंच असतं," सिस्टर म्हणाल्या. "बापांना नाही लावता येत. मी खूप लावलेत."

"आपल्या पोरीच्या पायात मोजे मीच घातले होते," वहिनी ऑपरेटरला म्हणाल्या. "निळे. तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

ऑपरेटरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चहा तसाच गार झाला.

त्या दिवशी ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मोबाइलवाल्याने सर्वांत आधी हात वर केला. मी घरी जाऊन दिग्दर्शकाला पत्र लिहायला बसलो आणि सात कागद फाडले. कितीही चांगलं वाक्य सुचलं तरी मला त्याचीच भीती वाटत होती. शेवटी जे झालं ते सरळ लिहिलं, ऑपरेटरला वाचून दाखवलं आणि टाकलं. पेपरातही छापून आणलं. ऑपरेटर म्हणाला, माझा उल्लेख कर, लपवू नकोस.

दिग्दर्शक आले. अंग नुसतं काटकुळं राहिलं होतं, मुलाचा हात धरून चालत होते. मी माफी मागायला पुढे झालो, तर त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि विचारलं, "ते ऑपरेटर कुठे आहेत?" ऑपरेटर भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं, आता चांगलं सुनावतील, आणि त्यांना तो हक्क होता. ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तीस वर्षं मी विचार करत होतो, माझं काय चुकलं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मुलीचं नाव काय होतं?"

ऑपरेटरने सांगितलं. ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. इथे लिहीत नाही, ते ऑपरेटर आणि वहिनींचं आहे.

मग सिनेमा दाखवला. दिग्दर्शकांनी मूळ निगेटिव्हवरून नवी पूर्ण प्रत करून आणली होती, संगणकावरून चालणारी. तिच्यात रिळं नाहीत आणि ठिपकेही नाहीत. वहिनी मुलगी गेल्यानंतर पहिल्यांदाच सिनेमाला आल्या होत्या. त्या आणि ऑपरेटर माझ्या पुढच्या रांगेत बसले होते. ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. या वेळी संगीत तुटलं नाही. तो आत गेला.

मी पडद्याकडे बघतच नव्हतो. मी ऑपरेटरच्या मानेकडे बघत होतो. आता त्याच्यावर कसलीच सक्ती नव्हती. डोळे मिटता आले असते, उठून बाहेर जाता आलं असतं. पडद्यावर मोजे आले, मग बूट आले. ऑपरेटरची मान सवयीने वर, उजवीकडे गेली. कोपऱ्यात काहीच नव्हतं. मग ती हळूहळू खाली आली आणि मधोमध थांबली, आणि तो पट्टा लागेपर्यंत तिथून हलली नाही.