पहिल्या राउंडचं कॉलेज

हैदराबादची बस लातूरच्या स्टँडवरून दुपारी दीडला सुटणार होती आणि अण्णा मला घेऊन साडेअकरालाच तिथं जाऊन उभे राहिले होते. हातात प्लास्टिकची फाइल. तिच्यात माझा पासपोर्ट, व्हिसाचे कागद, कॉलेजचं पत्र आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. आई स्टँडपर्यंतच आली. बस हलली तेव्हा ती माझ्याकडं न बघता ड्रायव्हरकडं बघत होती, त्यालाच काहीतरी बजावून सांगायचं असल्यासारखी.

उदगीरला उतरणारे एक गुरुजी शेजारच्या सीटवर होते. त्यांनी सहज चौकशी केली तसे अण्णा सावरून बसले. "अमेरिकेला चालली. दोन कॉलेजं लागली होती. इचार करून त्यातलं चांगलं निवडलं." हेच वाक्य त्यांनी पुढं जहीराबादला चहाच्या टपरीवर सांगितलं, मग रिक्षावाल्याला आणि शेवटी विमानतळाच्या दारावरच्या शिपायाला, ज्यानं काहीही विचारलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी दुसरीकडं बघत राहिले. दोन कॉलेजं लागली होती हे खरं होतं. निवडलं मात्र कुणीच नव्हतं.

गाव सोडून गेलेल्यांना आणि मागं राहिलेल्यांना, दोघांनाही मी हे सांगतेय. अकरा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही आणि आता न सांगण्याचाही कंटाळा आलाय.

आमचं घर रेणापूरचं. रेणापूर लातूरपासून लांब नाही, पण क्लास सकाळी सहाला भरायचे, म्हणून अकरावीला आईनं आणि मी लातुरात खोली घेतली. एका नळाभोवती पाच खोल्या आणि प्रत्येक खोलीत एक आई आणि तिचं एक बारावीचं लेकरू. कुणी औशाची, कुणी निलंग्याची, एक देगलूरची, एक पार किनवटची. बाप सगळे गावाकडं. अण्णा रेणापूरच्या शाळेत क्लार्क होते, धाकटा भाऊ त्यांच्याजवळ असायचा, ते शनिवारी यायचे. पाणी भरताना या पाच बायका भांडायच्या तेव्हा निलंग्याच्या मावशींचं कानडी, देगलूरच्या काकूंचं तेलुगू आणि बाकीच्यांचं दखनी वळणाचं मराठी मिसळून अशी काही भाषा तयार व्हायची की मी पुस्तक मिटून ऐकत बसायची. डॉक्टर व्हायला आलेल्या मुलीनं ऐकू नये ते मी ऐकत होते.

अण्णांचं त्या अंगणात वेगळंच वजन होतं. ते होतं ऑप्शन फॉर्ममुळं. निकाल लागले की प्रवेशाचे राउंड सुरू होतात हे आपल्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. कोणतं कॉलेज वर टाकायचं, कोणतं खाली, पहिल्या राउंडला लागलेली जागा फ्रीझ करायची की पुढच्या राउंडची वाट बघायची, यातलं अण्णांना जेवढं कळायचं तेवढं त्या गल्लीत कुणाला कळत नव्हतं. औशाच्या काकूंच्या थोरल्या मुलाला त्यांनी पहिल्या राउंडला फ्रीझ करू दिलं नाही आणि तिसऱ्या राउंडला त्याला कितीतरी चांगलं कॉलेज मिळालं. तेव्हापासून जून आला की लोक गुणपत्रिका घेऊन आमच्या दारात बसायचे. साहेबापुढं मान खाली घालून उभा राहणारा माझा बाप त्या महिन्यात खुर्चीवर ताठ बसायचा.

इकडं माझ्या इंग्रजीच्या मॅडमनी मला वेगळीच वाट दाखवली होती. अमेरिकेत अगदी छोटी कॉलेजं असतात, तिथं दोन वर्षं सगळं शिकायचं, गणितही आणि नाटकही, आणि मग आपला विषय निवडायचा. शिष्यवृत्तीही देतात. मी त्यांच्या मदतीनं अर्ज केले आणि निबंधात आमच्या नळावरची भांडणं लिहिली. अंगणात बातमी फुटली तेव्हा पहिला प्रश्न आला, "म्हणजे आर्ट्सला चालली?" लातुरात राहून, सायन्सला एवढे मार्क पाडून आर्ट्सला जाणारी पोरगी म्हणजे घरात काहीतरी बिनसलेलं असणार. अण्णांनी मात्र माझी बाजू घेतली. "तिकडं सगळेच ग्रुप घेता येतेत," ते सांगायचे. ते त्यांना पुरतं पटलं होतं असं मला वाटत नाही, पण पोरीसाठी ते चारचौघांत बोलले, हे मी विसरलेले नाही.

आणि दोन पत्रं आली. एक मिनेसोटातल्या कॉलेजचं, दुसरं आयोवातल्या कॉलेजचं. दोन्ही छोटी, दोन्ही अशा गावांत की नकाशात शोधायला वेळ लागावा. पण पहिल्या कॉलेजात भाषाशास्त्राचा विभाग होता. तिथल्या एका बाईंनी छापील पत्राखाली हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या: तुमच्या नळावरच्या भाषेत भांडण मिटलं हे कोणत्या शब्दानं कळतं? इथं येऊन मला सांगा. मी त्या दोन ओळी इतक्या वेळा वाचल्या की आईनं विचारलं, एवढं काय लिहिलंय त्यात. मला काय व्हायचंय ते तोवर कुणी मला विचारलंच नव्हतं. या बाईंच्या प्रश्नात मला ते ऐकू आलं आणि माझ्याकडं उत्तर होतं.

पहिल्या कॉलेजची मुदत आधी संपत होती, दुसऱ्याची त्यानंतर पंधरा दिवसांनी. मुदतीच्या आदल्या संध्याकाळी अंगणात सात-आठ जण बसले होते. अण्णा खुर्चीवर, मांडीवर दोन्ही पत्रं. औशाच्या काकूंनी विचारलं, "मंग पोरीनं आत्ताच हाव म्हणायचं का?" अण्णा हसले. "पहिल्या राउंडला कुणी फ्रीझ करतं का? जागा आपली हायच. दुसऱ्या राउंडला याच्याहून मोठं लागलं तर? थांबायचं." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "का गं, बरोबर हाय न्हाई?"

मला माहीत होतं. तिकडं राउंड नसतात, हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं, मुदत गेली की जागा गेली, हे पत्रात लिहिलेलं होतं आणि मॅडमनीही दोनदा सांगितलं होतं. पण सात-आठ माणसं अण्णांच्या तोंडाकडं बघत होती. त्या सगळ्यांसमोर, ज्या एका गोष्टीत तो माणूस हुशार होता तीत त्याला खोटं पाडायचं माझ्यानं झालं नाही. मी मान हलवली. नंतर एकटं गाठून सांगू असं ठरवलं. नंतर जेवणं झाली, लाइट गेली, दुसऱ्या दिवशी अण्णा पहाटेच रेणापूरला गेले आणि मी स्वतःलाच समजावलं की त्यांना इतकं माहीत आहे तर असेलही एखादा राउंड. अठरा वर्षांची होते. बापावर विश्वास ठेवणं त्याला टोकण्यापेक्षा सोपं होतं.

आठवड्यानं मेल आला. आपला होकार न आल्यानं जागा पुढच्या विद्यार्थ्याला दिली आहे, आपणास शुभेच्छा. मी तो शनिवारी अण्णांना मराठीत वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "दुसरा राउंड कवा हाय म्हणतेत?" मी म्हटलं, "न्हाई अण्णा." ते उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले. मग म्हणाले, "दुसरं बी चांगलंच हाय." त्याच दिवशी आम्ही आयोवाला होकार कळवला. त्या जूनमध्ये दारात कुणी बसलेलं दिसलं नाही. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या व्हिसाचं बघायचंय, फुरसत न्हाई."

आयोवाचं कॉलेज वाईट नव्हतं. माणसं चांगली होती, थंडी हाडात शिरणारी होती, जेवणात बटाटा फार होता. भाषाशास्त्राचा तिथं एकही वर्ग नव्हता. मी गणित घेतलं, कारण ते येत होतं. आता एका विमा कंपनीत क्लेम्सच्या शीट्स बघते. छत उडालं, गाडी ठोकली, तळघरात पाणी शिरलं, सगळं रकान्यांत येतं आणि मी ते पुढं पाठवते. मराठी आठवड्यातून एकदा बोलते, रविवारी. कधी कधी मधल्या वारी गाडीत एकटीच "चल गं माय" म्हणते आणि आपलाच आवाज परका वाटतो. नोकरी बरी आहे. घर बरं आहे. मी थकलेली आहे, आणि हा थकवा झोपून जाणारा नाही.

राग मात्र ताजा राहिला. रविवारी अण्णा विचारायचे, "जेवलीस का?" आणि मी "हाव" म्हणायची. मनात मात्र, तुम्ही त्या दिवशी फक्त ते पत्र नीट वाचलं असतं तर. अकरा वर्षं दर रविवारी. स्वतःवरही राग होता, पण तो मी अण्णांच्याच खात्यावर टाकून मोकळी व्हायची.

अण्णा रिटायर झाले, भावाला नांदेडला नोकरी लागली, तसे आईअण्णा त्याच्याकडं फ्लॅटमध्ये राहायला गेले. रेणापूरचं घर भाड्यानं दिलं. म्हणजे घर सोडणारी मी एकटी राहिले नाही. तीन वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाला नांदेडला गेले, तेव्हा औशाच्या काकू भेटल्या. बोलता बोलता सहज म्हणाल्या, "तुझ्या बापानं लई अंग काढून घेतलं बघ. तू गेलीस त्या वर्षापासून एकाचा बी फॉर्म भरला न्हाई. माझ्या धाकटीच्या वक्ताला पाया पडले मी. म्हणले, डोळ्याला दिसत न्हाई." अण्णा तेव्हा मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून चष्म्याशिवाय पेपर वाचत बसले होते.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. बहुतेक त्या माठापाशी उभे असतानाच कळलं होतं. त्या प्रवासात ते जे पुन्हा पुन्हा सांगत होते ते गुरुजींना किंवा शिपायाला सांगतच नव्हते, स्वतःला समजावत होते. तरी मी तिथं काही बोलले नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही, आणि खरं सांगायचं तर मला माझा राग सोडायचा नव्हता.

मागच्या महिन्यात कंपनीनं मला दोन दिवसांसाठी मिनेसोटाला पाठवलं. काम लवकर संपलं. ते कॉलेज तासाभराच्या अंतरावर होतं. न जायचं ठरवून मी गाडी तिकडंच वळवली.

भाषाशास्त्राचा विभाग एका जुन्या दुमजली इमारतीत आहे. भिंतीवर विद्यार्थ्यांनी काढलेले नकाशे होते, आपापल्या आजीच्या गावात पावसाला, भाकरीला, चुलत्याला काय म्हणतात त्याचे. एका वर्गाचं दार उघडं होतं. आठ-दहा मुलं टेबलाभोवती बसून कुणाचं तरी रेकॉर्ड केलेलं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत होती आणि एका शब्दावरून भांडत होती. मी दारात उभी राहून दहा मिनिटं ऐकलं. शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, काही हवंय का. मी म्हटलं, नाही, चुकून आले. पत्रात दोन ओळी लिहिणाऱ्या बाई निवृत्त झाल्याचं दारावरच्या यादीवरून कळलं. बाहेर येऊन मी गाडीत बसून रडले. वाटलं होतं त्याच्याहूनही ते चांगलं होतं.

रविवारी सकाळी फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. अण्णांना हिवाळ्यात अटॅक येऊन गेलाय, तेव्हापासून आवाज बारीक झालाय. मी मिनेसोटाचं काम सांगितलं. त्यावर त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं, "ते पयलं कॉलेज तिकडंच हाय न्हाई? मी मोबाइलवर नकाशात बघत असतो कवा कवा. गेलतीस का?"

फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागं आईच्या हातातल्या भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. तीही ऐकत होती.

"गेलते," मी म्हटलं.

"कसं हाय?"

"काय न्हाई हो अण्णा. बारकं हाय लई. ओसाड. भाषेचा विभाग तर कवाच बंद पडला म्हणे. तिथं गेले असते तर मधेच सोडून यावं लागलं असतं."

अण्णा म्हणाले, "बंद पडला?" मी म्हटलं, "हाव, बंद." मग त्यांनी नाक ओढलं आणि फोन तोंडापासून बाजूला धरून आईला ओरडून सांगितलं, "ऐकलं का, ते कॉलेज बंद पडलंय. आपलंच निवडलेलं बरं निघालं." दुसऱ्या दिवशी आईनं मुद्दाम फोन करून कळवलं की रात्री त्यांनी मागून घेऊन अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

आता ते कॉलेज किती सुंदर आहे हे माहीत असणारी मी एकटीच उरले. त्यावरून कुणावर रागवावं असंही कुणी राहिलं नाही. इतकी वर्षं मला घराशी बांधून ठेवणारा एक राग होता, तो मी एका वाक्यात देऊन टाकला, आणि आता रविवारी बोलायला आमच्याकडं हवापाणी आणि औषधं एवढंच असतं. लोक विचारतात घर कुठं. रेणापूरच्या घरात भाडेकरू आहेत, लातूरची खोली पाडली म्हणे, नांदेडच्या फ्लॅटमध्ये मी एकूण बारा दिवस राहिलेय. तरी मी नांदेडच सांगते. तिथं एक म्हातारा माणूस आता पोटभर जेवतो, आणि त्यानं तसंच जेवत राहावं म्हणून मला हे घरातल्या कुणापुढंही कधी खरं सांगता येणार नाही.