नवरीकडचा माणूस

माझी तीन वर्षांची मुलगी ओवी तळवली गावात चार हळदींना नाचली आहे आणि त्या चारपैकी एकाही नवरदेवाचे नाव मला माहीत नाही.

यात ओवीचा काही दोष नाही. (माझा आहे. सगळा सांगतोच.)

ओवी लाजाळू. लिफ्टमध्ये कोणी "काय गं ओवी?" म्हटले की ती स्वतःचे डोळे झाकून घेते. आपल्याला दिसत नाही म्हणजे आपणही दिसत नाही, असा तिचा साधा हिशोब. एकदा प्लेग्रुपच्या बाईंनी हळूच विचारले, "ओवी घरी तरी बोलते ना हो?" हे माझ्या बायकोच्या, वैशालीच्या, फारच मनाला लागले.

"अहो, हिला डान्स क्लासला घाला. मोकळी होईल," ती म्हणाली. "मजा येईल असा बघा. आणि परवडेल असा बघा."

"मी बघू?"

"मग कोण? मी दुकानातून आठला सुटते, तुम्ही साडेपाचला घरात लोळत असता." (वैशाली वाशीला औषधांच्या दुकानात असते. मी खरोखरच लोळत असतो.)

पहिला क्लास सानपाड्याचा. तिथल्या बाईंच्या गालाला माईक चिकटवलेला. तीन महिन्यांची फी एकदम, ड्रेस वेगळा, वार्षिक कार्यक्रमाचा ड्रेस आणखी वेगळा. फी ऐकून मी आणि माईक ऐकून ओवी, दोघेही चपलांच्या कपाटामागे गेलो. ती पूर्ण मावली.

दुसरा रबाळ्याचा, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. स्वस्त होता. सर ओरडले, "कम ऑन, चॅम्प!" चॅम्पने पडदा घट्ट धरला. सोडवायला म्हणून मी ओढला. आधी पडदा आला, मग दांडी आली, मग दांडीबरोबर भिंतीचा थोडा भाग आला.

"सर, पुढच्या आठवड्यात येतो," मी म्हणालो.

"नको," सर म्हणाले.

घणसोलीला घरी परतताना तळवलीत स्कूटर थांबवावी लागली, कारण रस्त्यातच मांडव होता. आगरी घरची हळद! बेंजो जोरात, पोरीबाळी, म्हाताऱ्या, सगळा गाव नाचत होता. मी हॉर्न वाजवणार तेवढ्यात पायाशी काहीतरी हलले. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या ओवीचे पाय! ठेक्यात!

"ये गो बाय!" मांडवातून एका आजीने हाक मारली. आणि लिफ्टमध्ये डोळे झाकणारी माझी मुलगी उतरून सरळ आत गेली. तिथे कोणी तिच्याकडे बघत नव्हते, कोणी "कम ऑन" म्हणत नव्हते. सगळे आपापले नाचत होते. ती अर्धा तास नाचली. मी मटण-भाकरी खाल्ली. (आग्रह झाला. एकदाच झाला, पण झाला.)

इथवर सगळे निर्मळ होते. इथेच थांबायला हवे होते.

घरी वैशालीने विचारले, "मिळाला क्लास?"

"मिळाला," मी म्हणालो. पडद्याचे सांगायला नको म्हणून म्हणालो, देवाशप्पथ. "तळवलीला. उघड्यावर असतो. लाइव्ह म्युझिक आहे."

"अगंबाई! आणि फी?"

"ऐच्छिक."

मग लग्नसराईभर मी काय केले, ते लिहिताना आजही कान गरम होतात. मांडववाल्याला गाठून पुढची हळद कधी आणि कोणत्या गल्लीत, ते मी विचारून घेऊ लागलो. ओवीला पिवळा फ्रॉक घेतला. मांडवात कोणी विचारलेच, "भाऊ, तुमी कोनचे?" तर मी पुण्याकडच्या लग्नांत शिकलेले उत्तर देत असे: "नवरीकडचा." नवऱ्याच्या घरी नवरीकडच्या माणसाला कोण फार खोदून विचारतो? मान द्यायचा आणि पान वाढायचे!

आणि दर वेळी आत शिरण्यापूर्वी ओवीच्या कानात सांगायचो, "कोणी काही विचारलं तर गप्प बसायचं हं. बोलायचं नाही."

मुलीने चारचौघांत बोलावे म्हणून शोधलेला क्लास. आणि दारातच हा धडा. हे मला तेव्हा खटकलेसुद्धा नाही!

चौथ्या हळदीच्या संध्याकाळी वैशालीचे दुकान लवकर बंद झाले. तिने मला फोन केला, पण बेंजोपुढे फोनचे काय चालणार? मग ती आपली आपण तळवलीला निघाली, क्लासच्या मॅडमसाठी पेढे घेऊन! बरोबर आमच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनी. त्यांनाही त्यांच्या चिन्मयला क्लासला घालायचे होते.

इकडे मांडवात नवरदेवाच्या वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, वलखलं नाय. कोनचे तुमी?"

"नवरीकडचा," मी सवयीने हसलो.

त्यांनी बेंजोवाल्याला हात केला. बेंजो थांबला.

"नवरीची हलद पन आजच हाय," ते म्हणाले. "तिची समदी मान्सं तिच्या घरान हायेत. तुमी हिकडं कशे?"

चार हळदी खाल्ल्या, पण ही साधी गोष्ट मला कळली नव्हती. एकाच संध्याकाळी नवऱ्याची हळद नवऱ्याच्या घरी आणि नवरीची नवरीच्या! म्हणजे नवऱ्याच्या हळदीत माझ्यासारखा नवरीकडचा माणूस मुळी असतच नाही!

तेवढ्यात कोपऱ्यातून हिराबाय उठल्या. या गावच्या धवलारीण. लग्नातले विधी लावतात, त्यांची गाणी म्हणतात. त्यांच्यावाचून गावात हळद लागत नाही. पहिल्या दिवशी "ये गो बाय" म्हणणारी आजी हीच, आणि अर्थातच चारही हळदींना हजर!

"याला मी वलखतंय," त्या म्हणाल्या. "पाटलाच्या हलदीला याच्या पोरीला मीच बोलावली. म्हात्र्याच्या हलदीला हा नवरीकडचा. भोईराच्या पन. काय रं, किती पोरी हायेत तुज्या घरान लग्नाच्या?"

मांडव हसला. मी डोळ्यांवर हात घेतला. (स्वतःच्या. ओवी हे कुठून शिकली, ते त्या क्षणी कळले.)

मग हसणे थांबले. मधोमध, पिवळ्या फ्रॉकमध्ये, ओवी एकटी उभी. सगळे तिच्याकडे बघत होते. आता ही पुन्हा मिटणार, कायमची मिटणार, आणि माझ्यामुळे! मला ताटातल्या रश्श्यात बुडून जावेसे वाटले.

ओवीने माझ्याकडे पाहिले आणि स्पष्ट विचारले,

"बाबा, आता बोलू?"

अख्ख्या मांडवाने ऐकले. नवरदेवाचे वडील माझ्याकडे बघत राहिले.

"बोल, बाळा," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

ती बेंजोवाल्याकडे वळली. "वाजवा ना! थांबला का?"

बेंजो सुरू झाला! अगदी त्याच मुहूर्तावर मांडवाच्या तोंडाशी पेढ्यांचा बॉक्स दिसला. बॉक्समागे वैशाली, वैशालीमागे शिंदेवहिनी.

"क्लास हाच का हो?" वैशालीने हिराबायनाच विचारले. "मॅडम कोण? फी ऐच्छिक आहे म्हणाले हे."

हिराबायनी माझ्याकडे पाहिले. मी हात जोडले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"फी हाय की," त्या म्हणाल्या. "बापानं नाचाचा."

मी नाचलो. त्याचे वर्णन करणार नाही. शिंदेवहिनींनी व्हिडिओ काढला आहे, तो सोसायटीच्या ग्रुपवर आहे. त्यात मी डाव्या खांबाच्या आड आहे.

निघताना नवरदेवाचे वडील म्हणाले, "पोरीला नाचवाचा व्हता तं सांगाचा ना रं. हलदीन नाचाला कोन नाय म्हन्तो? खोटं कशाला बोल्लास?"

परतताना वैशाली शिंदेवहिनींबरोबर रिक्षात बसली. ओवी मात्र स्कूटरवर पुढे उभी राहून सगळ्या रस्त्याला ओरडून सांगत होती, "माझे बाबा पडले!" (पडलो नव्हतो. टेकलो होतो.)

गेल्या आठवड्यात हिराबायच्या नातवाची पत्रिका आली. आमच्या घरात आलेले तळवलीचे पहिले रीतसर आमंत्रण. मी पाकीट उलटेसुलटे करून माझे नाव शोधले. वरती मोठ्या अक्षरांत होते, कुमारी ओवी. त्याखाली, ओवीची आई. आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावे तसे:

"आणि नवरीकडचा."