बोटीच्या ट्रॉलीचे ब्रेक

भाऊ गेला त्याला दोन वर्षं होत आली होती, तेव्हा आबांचा फोन आला. "बोट घिऊन जा तुमच्या गावाला. हितं पडून सडतीय. तुमच्याकडं पाणी येतंय, कुणाच्या तरी कामाला यील." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. माझे वडील फोनवर नेहमी असंच बोलतात, मधेच कुणी हाक मारल्यासारखं.

माझं माहेर कोयनेच्या फुगवट्याच्या काठावर, बामणोलीच्या अलीकडं. सासर सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठावर. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. फौजेत इंजिनिअर्समध्ये होता, तिथं तो बोटी चालवायला शिकला. पेन्शनीवर आल्यावर त्यानं एक फायबरची बोट घेतली आणि ती पाण्यात उतरवायला, बाहेर काढायला साताऱ्यातून दोन चाकांची ट्रॉली बांधून आणली. पाहुण्यांना फिरवायचा, पलीकडच्या वस्तीवरची माणसं दवाखान्याला आणायचा. वहिनी मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात राहायची. तो आठवड्यातून दोनदा खाली जायचा. एक दिवस धक्क्यावर दोर ओढताना छातीत कळ आली आणि तिथंच बसला. वय बेचाळीस.

मी मातीला गेले होते. पण त्याआधी दीड वर्ष आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. ते माझ्यामुळं.

मोठा पूर आला त्या साली पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा घरात मी, माझे मिस्टर आणि सासूबाई होतो. सासूबाईंना साखरेचा त्रास, दोन वेळा इंजेक्शन लागायचं. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून स्लॅबवर नेलं. खालचा फ्रीज पाण्यात गेला आणि त्याच्यात इंजेक्शनच्या बाटल्या. फोनची बॅटरी संपत आली होती. मी भावाला लावला. म्हटलं, "बोट घेऊन ये रं. म्हातारीचं काही खरं नाही."

तो जरा थांबला आणि म्हणाला, "बघतो, आक्का."

मग फोन बंद पडला. दोन दिवस आम्ही स्लॅबवर होतो, वर ताडपत्री, खाली पाणी. तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातली पोरं बोट घेऊन आली, त्यांनी आम्हाला काढलं. तोवर सासूबाई ओळखत नव्हत्या. मिरजेला आठ दिवस होत्या, मग गेल्या. मला त्यांनी मुलीसारखं वागवलं. असं सगळ्याच सुना म्हणतात, पण माझ्या बाबतीत ते खरं होतं. माझी बी.एड. त्यांनी करून घेतली, सकाळचा स्वयंपाक स्वतः करून.

तेराव्याला भाऊ आला. पंगत उठत होती. मी चारचौघांत त्याला म्हणाले, "बघतो म्हणालास ना? झालं का बघून? परक्या पोरांनी काढलं मला. माझ्या भावाची बोट घरी उभी होती."

त्यानं कपातला चहा संपवला, मिस्टरांचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्यानंतर त्याचे दोन-तीन फोन आले, मी उचलले नाहीत. मग यायचे बंद झाले. दिवाळी आली, भाऊबीज आली, मी गेले नाही.

तर मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी माहेरी गेले. मिस्टर नंतर जीप घेऊन येणार होते. बोट अंगणाच्या कडेला, फणसाखाली, ताडपत्रीखाली होती. शेजारच्यांची जीप लावून ट्रॉली ओढून बघितली, तर दोन्ही चाकं जागची हलेनात. टायर मातीत नांगरासारखे घासत गेले. शेजारी म्हणाले, "ब्रेक धरल्यात. पाण्यात घातली, तशीच हँडब्रेक ओढून उभी केली. आत सगळं गंजून एक झालं आसंल. हे घाटातनं न्यायचं काम न्हाई."

ट्रॉलीच्या सांगाड्यावर रंगानं एक फोन नंबर लिहिला होता, भावाच्याच अक्षरात, पुढं "ब्रेकवाले चाचा". माझ्या फोनला तिथं रेंज येत नव्हती. आबांनी आत जाऊन भावाचा फोन आणून दिला. ते तो अजून चार्ज करत होते. मी त्यावरून नंबर लावला.

पलीकडून लगेच आवाज आला, मोठा, आनंदाचा. "मेजर! आवं किती दिसांनी! दोनदा फोन केला तुमाला, उचलला न्हाई. तुमचा डिस्क ब्रेकचा सेट कवाचा तयार करून ठिवलाय. मला वाटलं रागावला का काय."

ते "हॅलो, हॅलो मेजर" करत राहिले. शेवटी मी म्हणाले, "मी त्याची मोठी बहीण बोलतीय. तो गेला हो. दोन वर्षं झाली."

पलीकडं कुठंतरी हातोड्याचा आवाज येत होता. मग ते हळू म्हणाले, "मी उद्या सकाळी येतो, ताई."

ते आले ते छोट्या टेम्पोतून. साठीचे, पांढरी दाढी, साताऱ्यात बापाच्या वेळेपासूनचं ब्रेकचं दुकान. आधी आबांजवळ जाऊन बसले, त्यांचा हात धरला. मग उठून बोटीला एक चक्कर मारली आणि कामाला लागले.

चाकं काढली तेव्हा आतून भाकरी थापायच्या परातीएवढे दोन लोखंडी ड्रम दिसायला लागले, तांबडेलाल. ड्रमच्या आत लायनर असतो, तो ड्रमला दाबून बसला की चाक थांबतं. इथं तो गंजानं ड्रमला चिकटूनच बसला होता. चाचांनी डिझेल ओतलं, थांबले, हातोड्यानं गोल गोल ठोकत गेले, पुन्हा ओतलं. ठोकणं सुरू झालं की आबा उठून आत जायचे आणि परत येऊन बसायचे. उजवा ड्रम दुपारच्या आत निघाला. डावा निघेना. त्याला गॅसनं तापवलं, ओढून काढायचा पुलर लावून आवळला, तेव्हा तो एकदम "ठाण्" करून सुटला आणि लालकाळ्या चिखलासारखं पाणी चाचांच्या पायावर सांडलं.

त्यांनी ड्रम उचलून उन्हात धरला. आतली बाजू गंजलेली होतीच, पण तिच्याखाली एक जांभळट निळा पट्टा होता, मोरपंखासारखा. मी विचारलं, "हे कशानं झालं?"

"जळल्यालं हाय," ते म्हणाले. "लोखंड लय तापलं की असा रंग चढतो. हे त्या दिवसाचं."

"कुठल्या?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय? पुराच्या वक्ताला मेजर बोट घिऊन सांगलीला निघालं हुतं ते?"

मी खाली पायरीवर बसले.

चाचांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी दुपारी भर पावसात भाऊ जीपला बोट जोडून निघाला. ट्रॉलीचे ब्रेक आधीच कुरकुरत होते, त्यांच्या तारा आतून गंजल्या होत्या. कासचं पठार पार करून यवतेश्वरच्या घाटात उतरायला लागला, ब्रेक लागले आणि डाव्या चाकाचा ब्रेक सुटलाच नाही. चाकातून धूर निघायला लागला. त्यानं वळणावर गाडी बाजूला घेतली आणि चाचांना फोन केला. ते मोटारसायकलवरून भिजत वर गेले.

"बेरिंग जळालं हुतं, ताई. मेजर म्हणत हुतं, ब्रेकच काढून टाका, असाच जातो. आता बिनब्रेकची एवढी बोट मागं घिऊन त्या उतारावर! ती त्यांच्याच अंगावर आली असती. मी न्हाई म्हटलं. ते ऐकंनात. मग मी जीपची किल्ली काढून घेतली, खिशात घातली." ते थांबले. ड्रम त्यांच्या मांडीवर होता. "लय बोललं मला. शिव्या दिल्या. मग रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिलं. तुमाला फोन लावत हुतं, लागत नव्हता. सांजच्याला बातमी आली की खाली इस्लामपूरकडचा रस्ता बी पाण्यात गेला. तवा गप झालं. मी कसंबसं दुसरं बेरिंग बसवलं, डाव्या ब्रेकची तार तेवढ्यापुरती सोडली, चढानं हळूहळू घरला धाडलं. म्हयन्याभरानं दुकानात आलं. म्हणालं, चाचा, ह्याला डिस्क बसवा, तेलावर चालणारं. पुढच्या पुराला माझी बोट आडायला नको. तसं सामान भंगारात गावायलाच मला वर्साच्या वर गेलं."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात कोण आजारी हुतं तवा?"

"सासूबाई."

"बऱ्या झाल्या?"

मी नाही अशी मान हलवली. त्यांना कळलं. ते उठले, नळावर जाऊन हात धुतले, आणि बराच वेळ धूतच राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "मी आडवलं त्यास्नी. मला ठाऊक नव्हतं, ताई."

"बरं केलंत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते खरंच होतं. तो तिथून पुढं गेला असता तरी रस्ता बंदच होता. हे मला आज समजतं, तेव्हाही समजलं असतं, कुणी सांगितलं असतं तर.

चाचा जेवायला बसले तेव्हा मी आबांना मागच्या दारी गाठलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यानंच नको म्हणून सांगितलं. म्हणाला, आक्काची सासू गेलीय, आन् मी तिला ब्रेकचं सांगत बसू व्हय? कारण दिल्यागत हुतं ते."

"आणि तो गेल्यावर?"

आबांनी परसातल्या मिरचीच्या रोपाकडं बघितलं. "गेल्यावर सांगून तुला काय गावलं असतं? आणिक एक रडणं."

मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ते ऐकून घेत उभे राहिले, अगदी तसेच, जसा तो तेराव्याला माझ्या दारात उभा होता.

टेम्पोत डिस्कचा सेट पोत्यात, ग्रीस लावून ठेवला होता. भंगारातल्या एका मोटारीचे ब्रेक, पण चाचांनी ते घासून, नवीन रबरं घालून, ट्रॉलीच्या मापाच्या पट्ट्या कापून तयार केले होते. दोन दिवस ते बसवत होते. जुन्या तारा काढून टाकल्या, पंप पुढं जोडणीपाशी बसवला, तिथून चाकांपर्यंत तेलाच्या नळ्या नेल्या. तेल भरून हवा काढायला मला बसवलं. ते खाली पडून "दाबा" म्हणायचे, मी पंपाचा दांडा दाबायचे, ते "धरा" म्हणायचे, मी धरून बसायचे. नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत हे चाललं. मला बरं वाटत होतं, हाताला काम होतं म्हणून. शेवटी त्यांनी चाक हातानं फिरवलं. ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं.

"पाण्यातनं काढली की गोड्या पाण्यानं धुवायचं," त्यांनी बजावलं. "आन् उभी करताना चाकाला दगड लावायचा."

मिस्टर आले, बोट जोडली. आबा निघताना बाहेर आले नाहीत. आत रेडिओ लावून बसले होते, मोठ्यानं. घाटात चाचा टेम्पो घेऊन आमच्या मागं होते. एका वळणावर त्यांनी हात करून थांबवलं, दोन्ही चाकांवर ओंजळीनं पाणी शिंपडून बघितलं आणि म्हणाले, "ऊन हाय, पर मोकळं हाय. जावा बिनघोर." हेच ते वळण का, हे मी विचारलं नाही.

साताऱ्यात वहिनीच्या दारात थांबलो. बोट द्यायला तिची हरकत नव्हती, तसं तिनं आबांना कळवलं होतं. पण ती बाहेर रस्त्यापर्यंत आली नाही, जिन्यावरच थांबली. मी वर जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. घरून निघाल्यापासून मनात जुळवलेलं सगळं विसरले. म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं. माझं चुकलं. मला माफ कर."

ती शांतपणे म्हणाली, "माझी माफी मागून काय होणार, वन्सं? तुमचा फोन येईल म्हणून ते रात्रीसुद्धा फोन उशाशी घेऊन झोपायचे. एक फोन केला असता तर."

आतून मुलगी काहीतरी विचारत होती, तिला उत्तर देत ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "वाटेत ऊन लागेल." मग दार लावलं.

कऱ्हाड मागं पडलं तेव्हा मी मिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी उसाच्या कडेला थांबवली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून आईसाठी आणि त्याच्यासाठी, दोघांसाठी, रडले.

बोट आता आमच्या गावात, शाळेच्या शेडमध्ये असते. त्या पावसाळ्यात पाणी खालच्या गल्लीपर्यंत आलं. गावातल्या चार जणांनी बोट काढली, दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण आणि बरीच शेरडं सुखरूप वर आणली. लोकांनी माझ्या भावाचं नाव काढलं, माझ्यासमोर हात जोडले. मी घरात येऊन दार लावून घेतलं.

दिवाळीत मी वहिनीकडं गेले. न कळवता गेले, नको म्हणाली तर या भीतीनं. तिनं दार उघडलं, क्षणभर बघितलं आणि बाजूला झाली. चहा केला. मुलांचे अभ्यास, शाळेच्या फिया, आबांचा गुडघा, एवढंच बोललो. निघताना पुन्हा या असं ती म्हणाली नाही. येऊ नका असंही म्हणाली नाही.