एका लेकराला एक दात

पडलेल्या दातांना आपल्या मुलांची नावं देणारी बाई साऱ्या नाशिक जिल्ह्यात एकच असेल, आणि ती नेमकी माझी आतेसासू निघाली. दिंडोरीच्या या आत्यांचा सिद्धांत सोपा आहे: एका लेकराला एक दात, देव फुकट काही देत नाही. खालची डावी फट संजूची, शेजारची मंगलची, वरची बाळूची. एसटीत कोणी "मुलं किती?" विचारलं की आत्या बोलत नाहीत, ओठ फाकवून दाखवतात. संजूने स्वतःच्या साखरपुड्यात जरा आवाज चढवला, तर "तुझ्यापायी दाढ गेली माझी, अन् मलाच बोलतो?" म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर पुरावा दाखवला, व्याह्यांकडच्या बायकांनी नकळत तोंडाला पदर लावला. उरलेले दात त्या मिश्रीने घासतात. तव्यावर तंबाखू भाजायला घेतला की शेजारी दारं लावून घेतात, आणि आत्यांना वाटतं, लोक हल्ली फार माणूसघाणे झालेत.

मला दिवस गेले तेव्हा लक्ष ठेवायला म्हणून त्या नाशिकला आमच्याकडे येऊन राहिल्या. पाचव्या महिन्यात ब्रश करताना माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी घाबरले, आत्या खूश झाल्या. "लेकरू दात मागतंय. देऊन टाकायचा." कोणता जाणार तेही त्यांनी बोट घालून ठरवलं आणि माझा ब्रश कपाटावर ठेवून दिला, नुसत्या चुळा भरायच्या. नवरा म्हणाला, "आत्या म्हणते तर असेल." त्याचा दात जाणार नव्हता. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मात्र मला दातांच्या दवाखान्यात पाठवलं. आत्याही आल्या, ठरल्यापेक्षा जास्त दात काढतील या धास्तीने.

दातांची डॉक्टर अगदी तरुण होती. दात साफ करून झाल्यावर म्हणाली, "आत्या, बाळ दात मागत नाही. या दिवसांत हिरड्या लवकर सुजतात. तशाच राहू दिल्या तर बाळ वेळेआधी होण्याचा, वजनाने कमी भरण्याचा धोका वाढू शकतो."

"माझी तीन लेकरं, तीन दात," म्हणत आत्यांनी आ केला.

डॉक्टरने बॅटरी मारली. "तीन कुठे? चार गेलेत की."

आत्यांनी तोंड मिटलं.

घरी येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "संजूच्या आधी एक झाला व्हता. सातव्या महिन्यातच. मूठभर. तवा माझ्या हिरड्या लय सुजल्या व्हत्या."

"दुसरंही कारण असेल, आत्या."

"असंल. पण कुणी तोंडात बघितलंच नाय."

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळ-संध्याकाळ बेसिनजवळ स्टूल टाकून बसू लागल्या आणि "मागं घास, मागं," म्हणून हुकूम सोडू लागल्या. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि त्यांच्यावर इतकी मायाही कधी आली नव्हती.

मुलगी दिवस भरून झाली, चांगली गुटगुटीत. आत्यांनी तिला मांडीवर घेतलं, तिच्या बोळक्या तोंडात बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचे समदे दात शाबूत हायेत. फुकट आलीस गं तू." त्या हसत होत्या, डोळे मात्र पदराने पुसत होत्या.

त्या पहिल्याचं नाव काय ठेवायचं ठरवलं होतं, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.