टँकरसमोर वाल सोलताना

लग्न होऊन मी वसईच्या पूर्वेला, आचोळ्याला राहायला आले तेव्हा आमची बिल्डिंग नवीकोरी होती. नळ सगळे बसवलेले, चकचकीत, पण त्यांना सरकारी पाणी कधी आलंच नव्हतं. पाणी यायचं टँकरने. सकाळी हॉर्न वाजला की खालच्या टाकीत पाइप पडायचा, थोड्या वेळाने पंप सुरू व्हायचा आणि सगळ्या घरांतून पिंपं, बादल्या, कळश्या भरल्याचे आवाज यायचे. कुणाकडे पाहुणे येणार असले की शेजारून दोन बादल्या मागून ठेवायच्या, ही पद्धतच पडली होती. आम्ही सगळे नोकरदार. कुणी कोकणातले, कुणी घाटावरचे, कुणी परळ-गिरगाव सोडून आलेले. मी जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. टँकर वेळेवर आला एवढंच आम्हाला पुरे असे. तो कुठून भरून येतो, हे मला कळलं ते आईच्या चहामुळे.

माझं माहेर वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाचं. तिथे प्रत्येक घरामागे वाडी. वाडीत केळी, पानवेल, मोगरा, थोडी भाजी. वाडीला विहीर, आणि गावाच्या मधोमध बावखल, म्हणजे पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारं तळं. मे महिन्याच्या सुट्टीत मी लेकीला घेऊन माहेरी गेले. आईने चहा टाकला, दूध घातलं आणि चहा फाटला.

“दूध नासलं असेल,” मी म्हटलं.

“दूध चांगलं हाय,” आई म्हणाली. “पानी नासलंय.”

मग तिने मला वाडीत नेलं. केळीच्या पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. विहिरीचं पाणी मी तोंडात घेतलं तर मचूळ लागलं. डाळ शिजत नव्हती, मोगऱ्याच्या कळ्या धरत नव्हत्या. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावच्या टोकाची एक मोठी वाडी बाहेरच्या माणसाने विकत घेतली होती. तालुक्यात तेव्हा ज्यांचा शब्द चालत असे, त्यांच्यातलाच तो. तिथे झाडं काढून त्याने बोअर मारले होते आणि मोठमोठे पंप दिवसभर पाणी उपसत होते. टँकर रांगेने उभे राहायचे आणि भरून पूर्वेच्या बिल्डिंगांकडे निघायचे. जमिनीतलं गोडं पाणी ओढून घेतलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकणारच. त्या टँकरवरचं नाव मी वाचलं. आमच्या बिल्डिंगला येणारा टँकर त्याच नावाचा होता.

ते दिवस चांगले नव्हते. निवडणूक तोंडावर होती आणि दोन गटांची जुंपली होती. बाजारात कुणाच्या दुकानाच्या काचा फुटायच्या, कुणाची मोटारसायकल जळायची, संध्याकाळ झाली की लोक दारं लावून घ्यायचे. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याने पंप बंद करा म्हणून सांगितलं, तर त्याला चार माणसांनी भररस्त्यात मारलं. त्याचा हात मोडला. पोलिसांनी तक्रार घेतली आणि पुढे काही झालं नाही. माझा धाकटा भाऊ आणि त्याचे मित्र पेटून उठले.

देवळाच्या ओट्यावर गाव जमलं. आमचं गाव अर्धं हिंदू, अर्धं ख्रिस्ती. त्या दिवशी सगळेच आले. भाऊ उभा राहून म्हणाला, “एक टँकर पेटवला की दुसरा येणार नाही.”

सभेत कधीही न बोलणारी माझी आई बसल्या जागेवरून म्हणाली, “पेटवलात तर तुम्ही आत जाल. आनि त्याला विम्यातून नवा टँकर मिळेल.”

“मग काय करायचं? बघत बसायचं?”

“बघत नको. रस्त्यात बसायचं.”

“बसून काय होतं, आई?”

“उभं राहून काय झालं?” आई म्हणाली. लोक हसले. आमच्या कुंपणापलीकडे राहणारी ख्रिस्ती म्हातारी, जिला सगळा गाव मोठीबाय म्हणायचा, काठी टेकत पुढे आली. “बायका बसतील,” ती म्हणाली. “बाप्ये घरी थांबा. तुमचा हात लगेच वर जातो.”

भावाला ते अजिबात आवडलं नाही. पण मोठीबायसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिंचेच्या सावलीत, बायकांनी गोणपाटं अंथरली. रिकामं बसायची कुणालाच सवय नव्हती. कुणी गजरे करायला घेतले, कुणी विड्याची पानं लावायला घेतली. आईने मोड आलेले वाल आणले होते. मोठं पातेलं मधे ठेवून आम्ही चार-पाच जणी बिरड्यासाठी वाल सोलायला लागलो. माझी लेक सालांशी खेळत होती. पहिला टँकर आला, हॉर्न वाजवून वाजवून थांबला. ड्रायव्हर उतरला. उत्तरेकडचा, विशीतला पोरगा. त्याला वाटलं, पूजा आहे. “माताजी, कितना टाइम लगेगा?” त्याने विचारलं.

“बहोत,” आई म्हणाली. तिचं हिंदी एवढंच.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, मालक मला काढून टाकेल. ऊन चढलं तसा तो टँकरखाली जाऊन बसला. दुपारी मोठीबायने त्याला हाक मारून भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. तो मासे खात नव्हता. मग आईने त्याला भाकरीबरोबर गूळ दिला आणि आमच्या विहिरीचं पाणी दिलं. एक घोट घेऊन त्याने आमच्याकडे पाहिलं. “यही पानी?” तो म्हणाला. संध्याकाळी त्याने टँकर रिकामाच मागे घेतला.

त्यानंतर रोज बसायचं ठरलं. कुणी किती वेळ बसायचं हे घरच्या कामांवर ठरायचं. सकाळी सुना, दुपारी सासवा. ख्रिस्ती बायका दुपारी जपमाळेची प्रार्थना म्हणायच्या, ती संपली की आमच्याकडच्या भजन धरायच्या. खरं सांगायचं तर मला ते दिवस फार आवडले. लग्नाआधी ज्यांच्याशी दोन शब्द बोलले नव्हते त्या बायकांचे स्वभाव मला त्या चिंचेखाली कळले.

मग एका सकाळी मालकाने धाडलेली पोरं मोटारसायकलींवरून आली. सहा-सात असतील. त्यांनी गाड्या आमच्या अगदी जवळ आणून रेस केल्या, शिव्या दिल्या, एकाने आमचं पातेलं लाथेने उडवलं. वाल रस्ताभर झाले. लेकीला मी पदराखाली ओढलं. आई उठली, पातेलं उचलून आणलं आणि वाकून एकेक वाल वेचायला लागली. तिच्याबरोबर बाकीच्याही वेचायला लागल्या. मोठीबाय मात्र त्या पोराकडे निरखून बघत होती.

“तू बंदराकडचा ना रे?” ती म्हणाली. “तुझी आजी नि मी एकत्र मासळी विकायला बसायचो. तिचा गुडघा कसा हाय आता?”

पोरगा गाडीची मूठ पिळायला लागला.

“विचारते मी तुला. गुडघा कसा हाय?”

“बरा हाय,” तो पुटपुटला.

“तिला सांग, मोठीबायने विचारलंय. नि तो वाल तुझ्या चाकाखाली गेलाय, तेवढा दे.”

त्याने खरंच वाकून वाल उचलून दिला. त्याच्या मागचा एकजण हसला आणि मग त्यांना पुन्हा दम द्यायला जमेना. थोडा वेळ उभे राहून ते गेले. आई वाल धुवायला निघून गेली.

इकडे आचोळ्याला आमच्या बिल्डिंगचं पाणी बंद झालं. मी कपडे न्यायला घरी गेले तर वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारातच उभ्या. रत्नागिरीकडच्या, तोंडाने फटकळ. “तुमच्या माहेरच्यांनी आमचं पाणी तोडलं म्हणे. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना पुसायचं कशाने?”

त्यांचं खरं होतं. मी म्हटलं, “वहिनी, उद्या माझ्याबरोबर चला. एकदा बघा. मग मला काय हवं ते बोला.”

त्या आल्या. बरोबर आणखी दोघी आल्या, भांडायच्या तयारीने. आईने त्यांना वाडी दाखवली, विहीर दाखवली. वहिनींनी करपलेलं केळीचं पान हातात धरलं आणि बराच वेळ त्या ते बोटांनी चुरत राहिल्या. “आमच्याकडे माडांचं असंच झालं होतं, खाडीचा बांध फुटला तेव्हा,” त्या म्हणाल्या. मग चिंचेखाली येऊन बसल्या आणि कुणी न सांगता वाल सोलायला लागल्या.

“तुम्हाला पानी हवं, ते खरंच,” आई त्यांना म्हणाली. “आमच्या विहिरी आटवून तरी किती दिवस पुरेल? तुम्हीही मागा ना. नळ दिलेत तर पानी द्या म्हनून सांगा.”

“कुणाला सांगायचं?”

“आपन दोघी मिळून सांगू.”

नेमके त्याच दिवशी पोलीस आले. रस्ता अडवल्याबद्दल आम्हाला सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं. मोठीबायला दोन महिला पोलिसांनी हात धरून चढवलं, ती म्हणाली, “सावकाश, घाई नाय मला.” वहिनी सांगत होत्या की मी या गावची नाही, आणि तेवढ्यात स्वतःच गाडीत चढल्या. आईने पातेलं मांडीवर घेतलं.

वसईच्या पोलीस ठाण्यात आम्हाला अंगणात झाडाखाली बसवलं. हवालदार नावं लिहायला लागला. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव. इथे सगळं अडलं. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. नाव विचारल्यावर आईने मान खाली घातली. पलीकडची काकू लाजून हसली. हवालदार म्हणाला, “अहो, सरकारी काम आहे.” ख्रिस्ती बायकांना ती अडचण नव्हती, मोठीबायने पुढे होऊन एकेकीच्या नवऱ्याचं नाव सांगायला सुरुवात केली. पण वहिनी म्हणाल्या, “असं नको. उखाण्यात घ्या.”

आणि पोलीस ठाण्याच्या अंगणात उखाणे सुरू झाले. आई आधी नाही नाही म्हणाली. मग पातेल्याकडे बघत तिने घेतला, “बावखलाच्या काठाला केळीची हिरवी रांग...” आणि पुढे यमकात बसवून बाबांचं नाव. माझ्या जन्मात मी तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. आतून साहेब बाहेर आले, दारात थांबले आणि हसू दाबत परत आत गेले. थोड्या वेळाने सगळ्यांना चहा आला.

संध्याकाळ होता होता आम्हाला सोडलं. दाराबाहेर अख्खा गाव उभा होता, आणि त्यात माझा भाऊ. हातात काही नव्हतं, तो नुसता उभा होता. आईने त्याच्याकडे पातेलं दिलं. “आंबले असतील,” ती म्हणाली, “पन बघू.” आंबलेल्या त्या वालांचं बिरडं आम्ही चिंच न घालता केलं आणि चाटून पुसून खाल्लं.

पुढच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या आणि आजूबाजूच्या बायका गावच्या बायकांबरोबर तहसील कचेरीत गेल्या. रिकामे हंडे पायऱ्यांवर मांडून दिवसभर बसलो. कुणी घोषणा दिल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हंड्यांतून वाट काढत जावं लागायचं, तेवढंच. असं पुन्हा पुन्हा गेलो. निवडणूक जवळ होती आणि इतक्या बायका, तेही दोन्हीकडच्या, एकत्र बसलेल्या कुणालाच परवडणाऱ्या नव्हत्या. पाऊस सुरू व्हायच्या आत त्या वाडीतल्या पंपांना सील लागलं. बिल्डिंगांना दुसऱ्या बाजूच्या तलावातून दिवसाआड पाणी द्यायची सोय झाली. ते पुरेसं नव्हतं. वहिनींच्या सासूबाईंसाठी मात्र आम्ही सगळ्या मिळून एक पिंप कायम भरलेलं ठेवायचो.

विहिरी लगेच गोड झाल्या नाहीत. दोन पावसाळे जावे लागले. गावात नंतरही वाड्या विकल्या गेल्या, बिल्डिंगा उठल्या, भांडणं झाली. सगळंच वाचलं असं नाही. पण आमच्या आळीतल्या वाड्या राहिल्या आणि मोगरा पुन्हा फुलायला लागला.

धरणाचं पाणी आमच्या नळांना यायला दोन हजार सालानंतरची कितीतरी वर्षं जावी लागली. ते आलं त्या दिवशी आई माझ्याकडेच होती. बिल्डिंगभर नळ उघडले गेले, आधी हवेचा फसफस आवाज, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. पोरं जिन्यात ओरडत पळत होती. वहिनी वरून धावत आल्या, ओल्या हातांनीच त्यांनी आईचे हात धरले आणि म्हणाल्या, “आई, आज जेवण माझ्याकडे.” आई म्हणाली, “येते. पन आधी ती बादली वाहतेय, ती बघ.” आणि दोघी मिळून नळ बंद करायला आत गेल्या.