बेचाळीस नंबर पुसणारे हबीबचाचा

हबीबचाचा गेले त्या दुपारी मी जालन्यात छापखान्यात उभी राहून भांडत होते. पत्रकाचं शीर्षक छापखानेवाल्याला लहान करायचं होतं, मला मोठं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे चाची. एरवी फोनवर गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी ही बाई त्या दिवशी इतकी हळू बोलली, की मशीनच्या आवाजात मला दोनदा विचारावं लागलं. "तुम्हारे चाचा नहीं रहे, बेटा..." सकाळची ड्यूटी करून आले, जेवले, जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. एवढंच.

महामार्गावर मेलेल्या माणसांसाठी मी चार वर्षं पत्रकं लिहितेय. कुणाचा हलगर्जीपणा, कुणाची सही कुठं अडली, हे बोट दाखवून लिहायची मला सवय. चाचांच्या मरणात बोट दाखवायला कुणीच नव्हतं. त्याचाही मला राग आला. आज पाच आठवडे होत आले. राग गेलेला नाही, फक्त आता त्याला पत्ता सापडलाय. तो या लेखात शेवटी येईल.

जालन्याच्या मस्तगड भागात ज्यांच्या घरी एके काळी खोक्यासारखा टीव्ही होता, त्यांना हबीबचाचा आठवत असतील. त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, रस्त्यावरून उघड्या पोटाचे टीव्ही दिसायचे. पुढं टीव्ही भिंतीला चिकटले आणि बिघडले की लोक नवेच आणू लागले. चाचांनी शटर ओढलं आणि पन्नाशी उलटल्यावर द्रुतगती महामार्गाच्या नियंत्रण कक्षात कंत्राटी नोकरी धरली. काम बसून बघण्याचं. भिंतभर पडदे, पडद्यांवर चौकोन, प्रत्येक चौकोनात एका कॅमेऱ्यातून दिसणारा रस्त्याचा तुकडा. "पहले एक टीव्ही सुधारायचो तर पैसे मिळायचे," ते म्हणायचे, "आता चाळीस टीव्ही नुसते बघायचा पगार मिळून राह्यला. तरक्की म्हणत्यात ती हीच."

आमची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण माझ्या पत्रकावरून. आमच्या पिंपळगाव रेणुकाईचा दत्तादादा टेम्पोतून हिरवी मिरची घेऊन निघाला होता. दिवस मावळता मावळता महामार्गावर टायर फुटला. कडेच्या पट्टीत टेम्पो लावून तो मदतीची वाट बघत बसला. तासाभरानं मागून ट्रक आला. ज्या शेतरस्त्याच्या पुलाखाली हे घडलं, त्याच पुलाला कॅमेरा आहे, बेचाळीस नंबरचा. थांबलेली गाडी दिसली, की यंत्रणेनं लाल चौकट दाखवायची, बघणाऱ्यानं गस्तीची गाडी पाठवायची, तिनं मागं शंकू आणि दिवे लावायचे... त्यातलं काही झालं नाही. मी आठवड्याच्या आत पत्रक काढलं. शीर्षक होतं, "कॅमेरे बघतात, माणसं झोपतात!" उद्गारचिन्ह माझंच.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी असते म्हणून आम्ही तिथं पत्रकं वाटत होतो. एक पांढऱ्या दाढीचा माणूस घडी घातलेलं पत्रक घेऊन समोर येऊन उभा राहिला. जालन्याहून एसटीनं खास आलेला.

"हे तू लिहिलंस?"

"हो. का?"

"त्या सांजच्याला ड्यूटीवर मी होतो. झोपलो न्हव्तो."

"मंग दत्तादादा दिसला का न्हाई तुम्हाला?"

"न्हाई दिसला. तेच सांगायला आलोय. टक्क जागा होतो अन् दिसला न्हाई. झोपलो असतो तर निदान माझीच चूक झाली असती. तू उद्या ये, दाखवतो तुला. अन् ते उद्गारचिन्ह तेवढं काढ, लई बोचून राह्यलं."

मी दुसऱ्या दिवशी गेले ती त्यांना उघडं पाडायला. वहीत नाव लिहून, पाहुणी म्हणून नियंत्रण कक्षात गेले. चाचांनी पडद्यावर बेचाळीस नंबर मोठा केला. अंधारायला लागलं, कॅमेऱ्याचा रात्रीचा दिवा लागला आणि चित्रावर जाड पांढरे दोर लोंबायला लागले. कोळ्याचं जाळं. त्या दिव्याभोवती किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि भिंगाच्या अगदी समोर आपला संसार थाटतो. जाळं वाऱ्यानं हललं की यंत्रणेला वाटायचं, गाडी थांबली. दिवसातून कितीदा तरी लाल चौकट, कितीदा तरी खोटी. शेवटी वरून कुणीतरी त्या कॅमेऱ्याची सूचनाच बंद करून टाकली होती. तक्रार? चाचांनी केलेली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. पण बघायचं कंत्राट एकाचं, पुसायचं दुसऱ्याचं, आणि पुसणाऱ्याच्या कंत्राटाचं नूतनीकरण अडकलेलं. म्हणजे देखणा गुळगुळीत रस्ता, त्यावर परदेशी कॅमेरा, आणि त्यावर फडकं फिरवायला कुणी नाही!

हे उद्गारचिन्ह मी काढणार नाही, चाचा.

मी नवं पत्रक लिहायला घेतलं. चाचांनी बांबू घेतला. दोन लांब बांबू सायकलच्या ट्यूबनं एकमेकांना आवळून बांधलेले, टोकाला चाचीच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा बोळा. सुट्टीच्या दिवशी ते स्कूटरवर बांबू आडवा बांधून निघायचे. महामार्गावर पाय ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम. शेतरस्त्यांचे जे पूल महामार्गावरून जातात, त्या पुलांच्या कठड्यावरून हाताला येतील तेवढेच कॅमेरे पुसायचे. आधी कोरडं, मग ओलं, मग परत कोरडं. टीव्हीची काच जशी पुसायचे तशीच. पुसून झालं, की ओढणी भिंगासमोर तीनदा डावी-उजवी हलवायची. नियंत्रण कक्षात त्यांचा जोडीदार बसलेला असायचा. तीन फेऱ्या स्पष्ट दिसल्या, तर तो फोन करून एकच शब्द बोलायचा, "दिसलं." नाही दिसल्या, तर चाचा पहिल्यापासून सुरू. बेचाळीस नंबरची बंद केलेली सूचनाही त्यांनी पाठपुरावा करून परत चालू करून घेतली.

मी कितीतरी वेळा सोबत गेले. पुलावरून जाणारे येणारे थांबून विचारायचे, "काय काढून राह्यलात चाचा, मोहोळ का?" चाचा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "सरकारच्या डोळ्यात कचरा गेला." घरी आल्यावर चाची कावायची. "मेरी ओढनी को सारा जालना घुमा लाए, मेरे को कभी लेके गए क्या?" आणि तो मळलेला बोळा त्यांच्या हातातून हिसकून साबणात टाकायची. दर वेळी धुवायचीच. घाणेरड्या फडक्यानं काच पुसलेली तिलाही चालायची नाही.

एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. माणूस इतका हसत होता, की मला आधी काही कळेना. बेचाळीसच्या खाली एक मोटार थांबली होती, टायर फुटून. आत बायका, लेकरं. लाल चौकट आली, चाचांनी गस्तीची गाडी पाठवली, शंकू लागले, दिवे लागले, टायर बदलला आणि मंडळी निघून गेली. "त्यांना पत्ताबी न्हाई, बेटा! एक बाई तर गस्तवाल्यावर चिडली म्हणे, का उगं दिवे लावून आमचा तमाशा करून राह्यले." मी म्हणाले, हे पत्रकात घेऊ, शीर्षक सांगा. चाचा म्हणाले, "लिही... आज काही झालं न्हाई." असलं शीर्षक कोण वाचतं, म्हणून मी ते घेतलं नाही. आज सगळ्यांत जास्त तेच टोचतं.

आता जे लिहायचंय ते मला जड जातंय, पण लिहिणार. कोळी पुन्हा पुन्हा येत होते. माझी आई गावाकडं धान्याच्या कणग्यांना कडुनिंबाचं तेल लावते, किडा फिरकत नाही. मीच बाटली आणली. मीच म्हणाले, "कडेनं लावा चाचा, बघा कसा कोळी येतो ते." चाचांना शंका होती. "काचेजवळ तेल? मन न्हाई घेत." मी हट्ट केला. त्यांनी बेचाळीस नंबरच्या भिंगाच्या कडेला तेल फिरवलं. कोळी खरंच आला नाही. पण रब्बीची मळणी सुरू होती, आसपासच्या शिवारातला भुसा, धूळ, सगळं त्या तेलाला चिकटलं. उन्हानं तेल पातळ होऊन काचेवर उतरलं. चौथ्या दिवशी पडद्यावर रस्ता नाही, नुसता चहा दिसत होता. त्या चार दिवसांत तिथं कुणी थांबलं नाही, हे आमचं नशीब. अक्कल नव्हे.

कुणाला काही कळलं नसतं. चाचांनी मात्र ड्यूटीच्या नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: बेचाळीस धूसर, कारण मी लावलेलं तेल. आठवड्यात नोटीस आली, विनापरवानगी उपकरण हाताळल्याची. खुलासा द्या, नाहीतर काम बंद. मी मस्तगडात जाऊन थयथयाट केला. "लिहायची काय गरज होती तुम्हाला?"

"तू दुसऱ्याच्या चुका मोठ्या अक्षरात छापतीस," चाचा शांतपणे म्हणाले. "मी माझी बारीक अक्षरात लिहिली. खर्चबी न्हाई झाला."

"मग खुलाशात माझं नाव घाला. बाटली माझी होती."

"बिलकुल न्हाई. तुझं नाव आलं तर उद्यापासून तुझं पत्रक कोण वाचंल? तू जल्दी जल्दी लिहीत जा. मी बराबर बघून घेतो." चाचीनं मधे ताट आपटलं, "पहले खाना खाओ दोनो, लडाई बाद में करना." आम्ही जेवलो. आणि मी गप्प राहिले. सगळ्या जिल्ह्याला जाब विचारणारी मी, एका बाटलीचा जाब द्यायला गप्प राहिले.

त्यांनी खुलाशात लिहिलं, तेल लावलं ही चूक. पुसलं ही नव्हे. पुसायला माणूस नेमा, मी बांबू ठेवून देतो. उत्तर आलंच नाही. नोटीस तशीच डोक्यावर घेऊन माणूस रोज ड्यूटीला जात राहिला, सुट्टीला बांबू घेऊन पुलावर जात राहिला. तेल धुऊन काढायला त्यांना तीन सुट्ट्या लागल्या.

ते गेल्यावर कार्यालयानं भिंतीवर त्यांचा फोटो लावला. खाली लिहिलंय, "कर्तव्यदक्ष सहकारी." मी साहेबांना भेटून विचारलं, नोटीस मागे घेतली का? साहेब म्हणाले, "माणूसच राहिला नाही ताई, आता नोटिशीचं काय घेऊन बसलात?" आणि पुसायचं काम? "प्रक्रियेत आहे." बाहेर पडले, तर चाचांच्या जोडीदारानं हळूच सांगितलं, बेचाळीसवर पुन्हा पांढरे दोर लोंबून राह्यलेत. महिन्याभरात कोळ्याची प्रक्रिया पूर्ण झाली होती.

तर साहेब, हा घ्या रागाचा पत्ता. माणूस राहिला नाही म्हणून कागद मरत नाही. कर्तव्यदक्ष आणि विनापरवानगी, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावापुढं राहू शकत नाहीत. एक पुसा. आणि गुन्हा कुणावर तरी लावायचाच असेल, तर योग्य नावावर लावा.

गेल्या रविवारी मी मस्तगडात गेले. बांबू छतापेक्षा लांब, म्हणून जिन्यात तिरपा ठेवलेला असतो. वर जायचं तर सगळ्यांना त्याच्याखालून वाकून जावं लागतं. कितीदा सांगूनही चाचांनी तो हलवला नव्हता, आणि आता चाची हलवू देत नाही. मी बांबू मागितला. चाचीनं आत जाऊन ट्रंकेतली एक ओढणी आणली, चांगली, न वापरलेली, आणि दातानं टर्रकन फाडली. "वो पुरानी मैं रखूंगी," एवढंच म्हणाली.

चाचांच्या जोडीदाराला आधी कळवून, पुलावर उभी राहून मी बेचाळीस नंबर पुसला. कोरडं, ओलं, कोरडं. माझा हात चाचांसारखा चालत नाही, खांदे भरून आले. तीनदा ओढणी हलवली. फोन आला नाही. पहिल्यापासून पुसलं, पुन्हा तीनदा हलवली. या वेळी फोनची वाट न बघता पिशवीतून पुठ्ठा काढला. त्यावर मी घरून जाड काळ्या अक्षरांत दोनच ओळी लिहून आणल्या होत्या, खाली माझं नाव. सुतळीनं चारी कोपऱ्यांवर बांबूला घट्ट बांधला, खाली रस्त्यावर काही पडता कामा नये, आणि भिंगासमोर धरला. तेल माझं होतं. नोटीस मला पाठवा.

वारा होता, बांबू थरथरत होता, मी कठड्याला पोट टेकून तो धरून ठेवला. खाली गाड्या जात होत्या. त्यांना पत्ताही नव्हता.

फोन वाजला. चाचांचा जोडीदार.  म्हणाला, "दिसलं, ताई... साफ दिसलं. नावासकट."