हॅलोमावशीचा नियम

तिचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरच्या दोऱ्या. माणसाने नंबर सांगायचा, तिने तो त्याला परत म्हणून दाखवायचा, पलीकडून ‘बरोबर’ आलं की दोरी भोकात घालायची. दोघांचं बोलणं सुरू झालं की आपण त्यातून बाजूला व्हायचं, असा तिथला शिरस्ता.

अजूनही ती दार उघडताना ‘हॅलो’ म्हणते. म्हणून सगळ्या इमारतीची ती हॅलोमावशी.

लग्न तिने केलं नाही. आई लवकर गेली, मागे धाकटा भाऊ. त्याला तिनेच न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. आता निवृत्त होऊन आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, मावशी तळमजल्यावर. रोज संध्याकाळी तो खाली यायचा, तिच्या वेताच्या खुर्चीत बसायचा, पेपरातल्या प्रत्येक बातमीला नावं ठेवायचा, चहा घेऊन वर जायचा. तेवढा वेळ सोडला तर तिच्या घरात नळाचा आवाज हाच मोठा आवाज.

सोसायटीची अध्यक्ष ती झाली, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. आमची सभा म्हणजे नुसता कालवा. ज्याचा घसा मोठा त्याचा ठराव पास. मावशीने पहिल्याच सभेत एक्स्चेंजचा नियम आणला.

“समोरच्याचं म्हणणं आधी त्याला परत सांगायचं. तो बरोबर म्हणाला, की मगच आपलं तोंड उघडायचं.”

“तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा आहे, मावशी,” पहिल्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर म्हणाला.

“मग आता मिटायला शिक,” मावशी म्हणाली.

नियम रुळला. भांडणं थांबली नाहीत, पण ती भांडणं ऐकू येऊ लागली.

मागच्या आवारात एक बैठी इमारत आहे. तीही सोसायटीचीच, पण तिथे सगळे भाडेकरू. इस्त्रीवाली, तिचा वॉचमन नवरा, हॉस्पिटलातल्या दोन आया, असे लोक. आमचे कपडे, आमची दारं, आमची आजारी माणसं त्यांच्या हातांत. पण सभेचं बोलावणं त्यांना कधीच गेलं नव्हतं आणि हॉलची किल्लीही कधी मिळाली नव्हती. कुणी ठरवून केलं असंही नाही. आम्हाला ते सुचलंच नव्हतं, एवढंच. मावशी स्वतः मागे गेली, एकेका दाराशी ‘हॅलो’ म्हणाली आणि सगळ्यांना बोलावून आली. विषय होता, मागच्यांना सभेत मत असावं की नाही.

इस्त्रीवाली उभी राहिली. पदराशी चाळा करत, पण स्पष्ट बोलली. विरोधात पहिला उठला मावशीचा भाऊ.

“आधी तिचं म्हणणं,” मावशीने आठवण करून दिली.

“हो, हो. ती म्हणते, आम्ही गरीब आहोत, आमच्यावर दया करा.”

“असं मी नाही म्हटलं, सर.”

“पुन्हा,” मावशी म्हणाली.

“बरं. ती म्हणते, आम्हाला हॉल वापरू द्या.”

“तेही नाही. म्हटलं, आम्ही इथेच राहतो. आमच्याबद्दल ठरवाल तर आमच्यासमोर ठरवा.”

“पुन्हा,” मावशी म्हणाली.

मागून कुणीतरी पुटपुटलं, “सरांना आज बाकावर उभं करणार.” हॉल खो-खो हसला. आम्हीही हसलो. भावाचे कान लाल झाले. त्याने इस्त्रीवालीचं वाक्य शब्द न् शब्द म्हटलं, ती ‘बरोबर’ म्हणाली, आणि तो स्वतःचं काहीही न बोलता खाली बसला. मतदान झालं. मागच्यांना मत मिळालं.

त्या संध्याकाळी तो आला, पण खुर्चीत बसला नाही.

“आयुष्यभर मी पोरांना उभं केलं,” तो म्हणाला. “आज तू मला केलंस. त्या लोकांसाठी सख्ख्या भावाचं हसं केलंस तू, ताई. तुला आता मी नकोच आहे.”

अशा वेळी माणूस काय करतं? रडतं, ओरडतं, ‘चल, गप बस, वेडा कुठला’ म्हणतं. तेवढंच ऐकायला तो आला होता. पण मावशीच्या जिभेला एकच वळण होतं.

“तुझं म्हणणं असं,” ती सावकाश म्हणाली, “की त्या लोकांसाठी मी तुझं हसं केलं, आणि मला आता तू नको आहेस. बरोबर?”

रागात फेकलेलं वाक्य तिने उचलून, पुसून, पुन्हा त्याच्या हातात दिलं होतं.

“बरोबर,” तो म्हणाला आणि वर गेला. त्यानंतर संध्याकाळी तो खाली आला नाही.

हे तिने स्वतःच वहिनीला, म्हणजे भावाच्या बायकोला सांगितलं, वहिनीने आम्हाला. वहिनी म्हणे दोघांनाही समजावून थकली. मावशी दोनदा वर जाऊन आली. दोन्ही वेळा तो आतल्या खोलीत झोपलेला होता, आणि आतल्या खोलीत रेडिओ चालू होता.

इकडे हॉल भरू लागला. दुपारी आया तिथे बायकांचा रक्तदाब तपासतात. वॉचमन आणि दातांचा डॉक्टर कॅरमवरून एकमेकांच्या सात पिढ्या काढतात, नियमानुसार, परत सांगून. दूरच्या सोसायटीचे लोक येऊन विचारतात, तुम्ही हे जमवलंत कसं? मावशी समजावून सांगते, त्यांना चहा देते. ते गेले की कपबशा विसळते.

परवा रविवारी सकाळी नवी निवडणूक झाली. मावशी म्हणाली, आता दुसरं कुणी बघा. इस्त्रीवालीने तिचंच नाव सुचवलं. हात वर करा म्हटल्यावर हॉलभर हात वर झाले. दाराजवळच्या खुर्चीवर भाऊ बसला होता. गेल्या वर्षभरात त्याने एकही सभा चुकवली नव्हती आणि एकाही सभेत तो बोलला नव्हता. भिंतीकडे बघत त्यानेही हात वर केला.

मावशीची नजर त्या हातावर थांबली. मग तिने तो मोजला आणि पुढच्या रांगेकडे वळली.

सभा संपल्यावर तिने खिडक्या एकेक करून लावल्या, गरज नसताना खुर्च्या सरळ केल्या. भाऊ बाहेर पायताण शोधत रेंगाळला होता. ती दारापर्यंत गेली. तो जिन्याकडे वळला. पहिला मजला, दुसरा. ती पावलं ऐकत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं, आणि बराच वेळ ते लागल्याचा आवाज आला नाही.

मग आला.